खव्याची कढई आणि तीनशे नऊचा रॉड

पांढुर्ण्याच्या बस स्टँडामागून जुन्या जिनिंगकडे जो रस्ता जातो, त्यावर चहाच्या टपरीला लागून 'यशवंत फॅब्रिकेशन' अशी पाटी आहे. पाटीवरचे यशवंतराव घागरे आता नाहीत. दुकान त्यांची मुलगी स्मिता चालवते. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी आत डोकावतं आणि विचारतं, "मिस्त्री कुठी गेले?" स्मिता तोंडावरची काळी काच वर करते आणि म्हणते, "मीच आहो. बोला जी." मग गिऱ्हाईक जरा वेळ रस्त्याकडे पाहतं, जणू खरा मिस्त्री तिकडून येणारच आहे. कोणी थांबतं, कोणी "येतो मंग" म्हणून निघून जातं. स्मिता काच खाली घेते आणि पुन्हा कामाला लागते.

उंच, रोड अंगाची बाई. सलवारीवर बापाचा जुना पूर्ण बाह्यांचा खाकी शर्ट घालते, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळते. मनगटावर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग आहेत. लग्न झालं नाही. आई ती कॉलेजात असतानाच गेली. धाकटा भाऊ अक्षय शिकून पुण्याला लागला आणि तिकडचाच झाला. दिवाळीला येतो, दोन दिवस राहतो, दुकानात आला तर उभ्यानंच फोनवर बोलतो.

वेल्डिंग तिला यशवंतरावांनी शिकवलं. शिकवायचं असं त्यांनी ठरवलं नव्हतं. ती दुपारचा डबा घेऊन यायची आणि डबा रिकामा होईपर्यंत थांबायची. एक दिवस त्यांनी तिच्या हातात काच दिली आणि म्हणाले, "पाय. पन डोये काचेच्या बाहेर नोको नेऊ." काचेतून सगळं दुकान काळं झालं, आणि त्या काळ्यात फक्त एक हिरवट ठिपका उरला, वितळलेल्या लोखंडाला पुढे पुढे नेणारा. तिला तो आवडला. पुढच्या महिन्यात ती रॉड पकडायचा होल्डर धरायला लागली, वर्षभरात खिडकीच्या जाळ्या करायला लागली. यशवंतराव कमी बोलत. टाका चुकला तर "पुन्हा" म्हणत. बरोबर आला तर काहीच म्हणत नसत, आणि त्यातच तिचं समाधान होतं.

मग एका सकाळी ट्रॉलीचा हूक जोडता जोडता यशवंतरावांच्या हातातून होल्डर गळून पडला. स्मिताला वाटलं, झटका लागला. ती मेन स्विचकडे धावली. परत वळून पाहते तर बाप भिंतीला टेकून बसलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं.

नागपूरच्या दवाखान्यातून ते घरी आले तेव्हा उजवं अंग गेलेलं होतं आणि बोलणंही. बोलणं म्हणजे एक शब्द सोडून सगळं. तो शब्द होता "चाल". पाणी पाहिजे असलं तरी चाल, राग आला तरी चाल, कोणी भेटायला आलं तरी चाल. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं कधी कधी, मेंदूत एखादा शब्दच शिल्लक राहतो. आत सगळं कळत असतं, बाहेर येत नाही.

घरी त्यांच्याजवळ बसायला कोणी नव्हतं. म्हणून स्मिता त्यांना रोज दुकानातच आणू लागली. ऑटोतून उतरवायचं, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवायचं, पाठीमागे उशी द्यायची, आणि कामाला लागायचं. आधी यशवंतरावांचे दोस्त यायचे. भिवाजी तर रोज यायचे, ज्यांच्यासोबत यशवंतरावांनी तीस वर्षं चहा प्यायला. ते खुर्ची ओढून बसायचे, गावातलं सांगायचे, कोणाच्या बगीच्यात संत्र्याला बहार धरला, कोणाचा फुटला. यशवंतराव म्हणायचे, "चाल." भिवाजी म्हणायचे, "हो बावा." पण एका शब्दावर दोस्ती किती दिवस चालणार. भिवाजी आधी एकाआड एक दिवस येऊ लागले, मग बाजाराच्या दिवशी, मग रस्त्यावरूनच हात दाखवून जाऊ लागले. स्मितानं त्यांना दोष दिला नाही. तिलाच कधी कधी दुकानाबाहेर उभं राहून मोकळा श्वास घ्यावासा वाटायचा.

त्या वर्षांत एक स्थळ आलं होतं. मोहगावकडचे लोक, मुलगा शिक्षक. त्यांनी विचारलं, लग्नानंतर हे काम सोडणार ना? स्मिता म्हणाली, सोडीन. मग त्यांनी विचारलं, आणि बाबूजी? ती म्हणाली, बाबूजी माझ्यासोबत येतील. चहाचे कप तसेच ठेवून ते लोक उठले. पुन्हा कोणी आलं नाही.

मग विनायक कळंबे आले. सौंसरचे. लोधीखेड्याच्या रस्त्याला त्यांनी खव्याचा छोटा कारखाना टाकला होता. रामाकोना आणि आसपासच्या गावांतून दूध यायचं, खवा जामसांवलीच्या मंदिराजवळच्या पेढेवाल्यांना जायचा. त्यांनी कुठून तरी जुनी स्टीलची मोठी कढई आणली होती, माणूस आत बसेल एवढी. तिला लोखंडी घोड्यावर, म्हणजे स्टँडवर, बसवायची होती, अशी की खवा तयार झाला की चाक फिरवून कढई तिरपी करता यावी. त्यासाठी कढईच्या दोन्ही अंगांना लोखंडाच्या जाड खुंट्या जोडायच्या होत्या. त्या खुंट्यांवरच सगळी कढई झुलणार होती.

"होईल ना ताई?" विनायकनं विचारलं. "नागपूरवाले महिनाभर तारीखच देऊन नाही राहिले."

"होईल," स्मिता म्हणाली.

म्हणाली खरी, पण ते गेल्यावर ती कढईजवळ उभी राहिली. लोखंडाला लोखंड तिनं आयुष्यभर जोडलं होतं. त्याचा वेल्डिंगचा रॉड, म्हणजे वितळून टाका भरणारी कांडी, वेगळा, गेट-ग्रिलचा, तो डोळे मिटून ओळखता यायचा. स्टीलला स्टीलही जोडलं होतं, जिन्याच्या रेलिंगा वगैरे. त्याचा रॉड वेगळा, तीनशे आठ नंबरचा, ज्याला बाजारात नुसतं 'स्टीलचा रॉड' म्हणतात. पण स्टीलला लोखंड, आणि तेही भार झेलणारं, तिनं कधी केलं नव्हतं. कोणता रॉड घ्यायचा?

हार्डवेअरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "स्टील हाये ना, मंग स्टीलचाच रॉड. त्यात काय विचारतं." अक्षयला फोन केला. तो म्हणाला, "ताई, मला यातलं काय कळतं? नेटवर बघ ना." नेटवर तिनं बघितलं. इंग्रजीत पुष्कळ होतं, आकडे होते, आणि दोन माणसं एकमेकांच्या उलट सांगत होती.

एक माणूस होता ज्याला हे माहीत असणार. यशवंतरावांनी तरुणपणी नागपूरला दुधाच्या मोठ्या टाक्यांच्या कामावर काही वर्षं काढली होती. स्मिता दोन्ही पुडे घेऊन बापासमोर बसली. एका मांडीवर लोखंडाच्या रॉडचा पुडा ठेवला, दुसरीवर स्टीलच्या.

"बाबूजी, कढईले खुंटी लावाची हाये. हे का ते? नुसता हात ठेवा."

यशवंतरावांनी डाव्या हातानं एक पुडा सरकवला. तिला वाटलं, म्हणजे दुसरा. तोच त्यांनी दुसराही सरकवला. "चाल," ते म्हणाले.

तिनं पुडे परत ठेवले. "असं नाही बाबूजी. एक सांगा."

त्यांनी या वेळी जोरात ढकललं. पुडा खाली पडला, रॉड फरशीवर विखुरले. "चाल! चाल! चाल!" त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ आली. स्मितानं ती पुसली, रॉड गोळा केले. थकले असतील, असं तिला वाटलं. किंवा राग येत असेल, की जे काम आपण करायचं ते पोरगी करून राहिली आणि वरून विचारून राहिली. तिनं शेजारच्या टपरीवाल्या चंचलकडून चहा आणवला आणि त्यांना बशीनं पाजला.

मग तिनं स्वतःच ठरवलं. स्टीलचा रॉड महाग, भारी. लोखंड त्याला नाही कशाला म्हणेल? तिनं तोच लावला. काम सुरेख झालं. टाका चांदीसारखा आला, वरची खपली आपोआप सुटून पडली. ती काम करत असताना यशवंतराव मागून बोलत होते. चाल, चाल, चाल. थांबतच नव्हते. शेवटी स्मिता उठली आणि त्यांची खुर्ची रस्त्याकडे तोंड करून फिरवून ठेवली, येणारी-जाणारी माणसं पाहून मन रमेल म्हणून. थोड्या वेळानं ते गप्प झाले.

कढई सौंसरला गेली, बसली, चालू झाली. विनायक खूश होते. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. त्या कढईकडे पाहून आणखी दोघांनी कामं दिली. स्मिताला वाटलं, आता जमलं.

दिवाळीच्या आधी खव्याला उसंत नसते. कढई दिवसभर तापायची, रिकामी व्हायची, थंड दूध पडायचं, पुन्हा तापायची. अशाच एका दुपारी चाक फिरवताना डावी खुंटी कढईपासून सुटली. कढई एका बाजूला कलंडली आणि उकळतं दूध समोर उभ्या असलेल्या बाईच्या पायांवर गेलं. तिचं नाव कलाबाई. रामाकोन्याची, एकटी राहणारी, पन्नाशीची बाई. खवा घोटायचं काम करायची.

विनायकचा फोन आला तेव्हा स्मिता एका शाळेच्या फाटकाला रंग देत होती. बाबूजींना चंचलच्या हवाली करून ती मिळेल त्या बसनं सौंसरला गेली. कारखान्यात दूध वाळून फरशीवर चिकटलं होतं, माशा बसत होत्या. कढई तशीच तिरपी लटकलेली. कलाबाईला दवाखान्यात नेलं होतं. गुडघ्याच्या खाली दोन्ही पाय भाजले होते.

विनायक ओरडले नाहीत. तेच जास्त कठीण गेलं. ते बाहेर पायरीवर बसले होते.

"मी तुमाले काही बोलत नाही ताई," ते म्हणाले. "पन तुमच्या बाबूजीनं केलं असतं ना, तर हे झालं नसतं."

स्मिता आत गेली. तिनं खाली पडलेली खुंटी उचलली. लोखंड वाकलं नव्हतं. कढईचा पत्राही फाटला नव्हता. टाकाच मधोमध तुटला होता, काच तुटते तसा, सरळ. तुटलेल्या जागी खडीसाखरेसारखे कण चमकत होते. तिनं खुंटी पिशवीत घातली आणि दवाखान्यात गेली, पण वॉर्डाच्या दारातूनच परतली. आत कलाबाई कण्हत होती.

घरी आल्यावर तिनं ती खुंटी बाबूजींच्या डाव्या हातात दिली. त्यांनी ती जवळ घेतली. तुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. ती "चाल"ची वाट पाहत होती. ते काहीच बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती नागपूरला गेली. इतवारीत लोखंडाच्या दुकानांच्या गल्लीत एक फक्त वेल्डिंगच्या सामानाचं दुकान आहे, असं तिला कोणी सांगितलं होतं. तिथे गल्ल्यावर एक बाई बसली होती, तिच्याच वयाची, चष्मा लावलेली. तेजस्विनी नाव. सासऱ्यांचं दुकान होतं; ती स्वतः इंजिनिअरिंग शिकलेली होती आणि आता दुकान तीच पाहायची. स्मितानं पिशवीतून खुंटी काढली आणि काचेच्या काउंटरवर ठेवली.

तेजस्विनीनं ती उचलून उजेडात धरली. "तीनशे आठनं केलंत का?"

"हो."

"तुम्हीच केलं?"

"हो."

तेजस्विनीनं मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. मग एक स्टूल पुढे सरकवलं. "बसा ना. सांगते."

आणि तिनं सांगितलं, कुठली घाई नसल्यासारखं. स्टील गंजत नाही, लवचिक राहतं, ते त्यात मिसळलेल्या क्रोमियम आणि निकेलमुळे. तीनशे आठच्या रॉडमध्ये ते स्टीलला पुरेल एवढंच असतं. पण एका बाजूला लोखंड असलं, की वेल्डिंग करताना ते लोखंडही वितळून टाक्यात शिरतं. मग टाक्यातलं क्रोमियम-निकेल पातळ होतं, आणि तो टाका कडक होतो, ठिसूळ होतो. वरून सुंदर दिसतो. पण तापला-निवला, तापला-निवला की आत बारीक चीर पडते, आणि एक दिवस जातो.

"आणि लोखंडाचा रॉड लावला असता तर?" स्मितानं विचारलं.

"तर आणखी लवकर गेला असता. म्हणजे तुमच्याकडचे दोन्ही रॉड चूकच." तिनं मागच्या फळीवरून एक पुडा काढला. "हा पाहिजे. तीनशे नऊ एल. यात क्रोमियम-निकेल मुद्दाम जास्त घातलेलं असतं. लोखंड शिरलं तरी पुरून उरतं. करंट कमी ठेवा, रॉड जवळ धरून आर्क आखूड ठेवा, लांब टाका ओढू नका, तुकड्या-तुकड्यानं करा. आणि पुडा फोडला की कोरड्या जागी ठेवा, ओल खाल्लेला रॉड लावू नका."

दोन्ही रॉड चूकच. स्मिताच्या कानात तेवढंच राहिलं. समोर तेजस्विनी आणखी काही सांगत होती, पण तिला आपल्या दुकानातल्या फरशीवर विखुरलेले रॉड दिसत होते, आणि दोन्ही पुडे ढकलणारा तो डावा हात.

गिऱ्हाईकं आली, तेजस्विनी त्यांच्याकडे वळली. स्मिताचं काम झालं होतं. तरी ती स्टुलावर बसून राहिली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा कोणी तिच्याशी तिच्या कामाबद्दल बोललं होतं, आणि उलट तिचं ऐकूनही घेतलं होतं. तेजस्विनीनं गिऱ्हाइकांच्या खांद्यावरून विचारलं, "अजून काही पाहिजे होतं का?" स्मिता म्हणाली, "नाही जी," आणि उठली. काही अडलं तर फोन करा म्हणून तेजस्विनीनं नंबर दिला होता. पुढच्या महिन्यांत स्मितानं दोनदा खरोखर अडलं म्हणून फोन केला. तिसऱ्यांदा काहीच अडलं नव्हतं. पलीकडून "बोला ना" आलं आणि तिला बोलायला काही सापडलं नाही. "चुकून लागला," असं म्हणून तिनं ठेवून दिला. मग पुन्हा केला नाही.

नागपूरहून आल्यावर तिनं तो नवा पुडा बाबूजींच्या मांडीवर ठेवला. त्यांनी त्यावर तळहात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. डोळ्यांत पाणी आलं. पण डोळ्यांत पाणी त्यांना हल्ली कशानंही यायचं.

"हेच सांगून राहिले होते का बाबूजी? का दोन्ही नोको, तिसरा आण?"

यशवंतरावांनी मान हलवली. हो म्हणून.

स्मिता त्यांच्या गुडघ्यापाशी फरशीवर बसली आणि रडली. रडून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की त्या दिवसांत ते सगळ्यालाच मान हलवत. चहा घेता का, हो. पाऊस आला का, हो. अक्षय आला का, हो. तेव्हा त्यांनी खरंच तेच सांगितलं होतं, का नुसते वैतागले होते, हे तिला कधीच कळणार नव्हतं. तिनं पुन्हा विचारलं नाही.

मग तिनं कढईच्या आधी तुकड्यांवर करून पाहिलं. भंगारातली एक स्टीलची पट्टी घेतली, एक लोखंडाची. एक जोड तीनशे आठनं केला, एक तीनशे नऊनं. दोन्ही शेगडीवर लाल होईपर्यंत तापवले, निववले, पुन्हा तापवले. असं दिवसभर करत राहिली. मग शिकंज्यात पकडून हातोडा मारला. पहिला जोड दुसऱ्याच घावाला तुटून उडाला. दुसरा वाकला, आणखी वाकला, पार दुमडला, पण सुटला नाही. बाबूजी खुर्चीतून पाहत होते. या वेळी खुर्ची आतल्या बाजूला तोंड करून होती.

सौंसरला जाऊन ती विनायकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "चूक माझी झाली. रॉडच चुकला. मले ते काम पुन्हा करू द्या."

विनायकनं कढईकडे पाहिलं. मग म्हणाले, "कढई दुसऱ्या कोणाकडं नेली तरी तो बी काय लावीन, मले काय समजते. करा. पन आधी माह्या समोर पानी उकयून दाखवाचं."

"पानी भरून मीच तिरपी करीन. तुमचा कोणीच मानूस जवळ नको."

तिनं जुना टाका शेवटच्या कणापर्यंत घासून काढला. उजवी खुंटी शाबूत होती, तीही काढली. लोखंडाचा गंज-रंग घासून उघडं केलं, स्टीलसाठी वेगळा ब्रश वापरला. नवा टाका तुकड्या-तुकड्यानं घातला, प्रत्येक तुकड्यानंतर हात लावता येईल इतकं निवू दिलं. काम लांबलं. मागून कोणी काही बोलत नव्हतं. बाबूजींना त्या दिवशी ती घरी ठेवून आली होती, चंचलची सासू देवकाबाई त्यांच्याजवळ बसली होती. पाणी उकळलं तेव्हा विनायक आणि त्यांची माणसं दाराबाहेर जाऊन उभी राहिली. आत फक्त ती आणि कढई. तिनं चाक धरलं आणि फिरवलं. वाफेत काही दिसत नव्हतं. पाणी नालीत पडल्याचा आवाज आला, मोठा, एकसारखा. कढई खुंट्यांवर शांत झुलली. तिनं ती सरळ केली, पुन्हा भरायला लावली, पुन्हा तिरपी केली. संध्याकाळ होईपर्यंत ती हेच करत होती. विनायकच शेवटी आत येऊन म्हणाले, "पुरे ताई. झालं आता."

ती कढई आजही चालू आहे.

यशवंतराव त्याच हिवाळ्यात गेले. झोपेतच. अक्षय आला, सगळं रीतीनं झालं. भिवाजी आले आणि स्मिताचा हात धरून खूप रडले. तेरावं झाल्यावर अक्षय म्हणाला, "ताई, दुकान बंद कर, पुण्याला चल." ती म्हणाली, "तिथे मी काय करू?" त्यानं पुन्हा आग्रह केला नाही.

प्लास्टिकची खुर्ची तिनं चंचलला देऊन टाकली. चहाच्या टपरीला उपयोगी पडली.

मग ती कलाबाईकडे जायला लागली. दारातून परतल्यानंतर ती एकदा पुन्हा दवाखान्यात गेली होती, तेव्हा हात जोडून "मावशी, माझ्यानं झालं" एवढंच म्हणाली होती. कलाबाई म्हणाली होती, "होनार होतं, झालं बाई." आता तिचे पाय भरत आले होते, पण चालायला त्रास व्हायचा, आणि विनायककडचं काम सुटलं होतं. तिला दुसरं कोणी नव्हतं. स्मिता रविवारी सौंसरमार्गे रामाकोन्याला जायची, पाणी भरायची, दोघींपुरती भाकरी-भाजी करायची, कलाबाईच्या पायांना मलम लावायची. कात टाकलेल्या सापासारखी ती गुलाबी, ताणलेली कातडी तिच्या बोटांना ओळखीची झाली. कलाबाई जास्त बोलायची नाही, पण ओसरीवर दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसायच्या आणि स्मिताला आठवडाभर त्या ओसरीची ओढ लागायची. घरून निघताना ती आता केस नीट विंचरायची. एकदा बाजारातून कलाबाईसाठी हिरव्या काठाचं लुगडं घेतलं.

ते लुगडं कलाबाईनं हातात घेतलं नाही.

"बस," ती म्हणाली. "तुले एक सांगाचं हाये. राग नोको मानू."

स्मिता बसली.

"तू लय चांगली हायेस बाई. माह्या पोटची असती तर एवढं केलं नसतं. पन तू आली ना, का मले ते दूध दिसते. तू भाकर थापते, मले दूध दिसते. तू मलम लावते, तवा तर दिसतेच. तू गेली का दोन रात झोप लागत नाही." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मंग मंगळवार-बुधवारी कुठं इसरतो, तं पुन्हा तुहा इतवार येते."

"मले सांगितलं नाही मावशी आधी."

"कशी सांगू? तू एवढ्या दुरून येतेस. आन तुह्या तोंडाकडं पायलं का समजते, तुले बी कोणी नाही."

ओसरीवर अर्धवट सोललेल्या शेंगा होत्या. स्मितानं उरलेल्या सोलून टाकल्या, दाणे डब्यात भरले, टरफलं गोठ्याकडे नेऊन टाकली. दोन घागरी पाणी भरून ठेवलं. मग कलाबाईच्या पायाला हात लावायला वाकली आणि मध्येच थांबली. नुसती उंबऱ्याला हात लावून निघाली.

"लुगडं ने," कलाबाई मागून म्हणाली. आणि मग जरा थांबून, "राहू दे. ठेवून दे तिथं."

बसला वेळ होता. रामाकोन्याच्या फाट्यावर ती एकटीच उभी होती. समोरच्या बगीच्यात संत्री तोडणं चाललं होतं. बायका क्रेट भरत होत्या, एकमेकींना हाका मारत होत्या, हसत होत्या. त्यातल्या एकीनं तिला विचारलं, "कुठं जातं व बाई?" ती म्हणाली, "पांढुर्ण्याले." "कोनाकडं आल्ती?" स्मितानं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "कामानं आली होती." त्या बाईनं कुंपणावरून तिला दोन संत्री दिली. बस आली तेव्हा संत्री तिच्या ओंजळीत तशीच होती.

त्यानंतर ती रामाकोन्याला गेली नाही. कलाबाई बरी आहे, आता काठीशिवाय चालते, हे तिला विनायककडून कळतं.

दुकान चालू आहे. आता स्टील-लोखंडाचं जोडकाम असलं की सौंसर-पांढुर्ण्याचे लोक तिच्याकडे येतात, आणि "मिस्त्री कुठी" असं विचारणारे कमी झालेत. तीनशे नऊचे पुडे ती एका पत्र्याच्या डब्यात, वर बल्ब लावून, कोरडे ठेवते. रविवारीही दुकान उघडते. घरी बसून करायचं काय. काम करताना ती अलीकडे बोलते. तिला ते माहीतही नव्हतं. एकदा चंचल चहाचा ग्लास घेऊन आली आणि दारातच थांबली.

"करंट जास्त झाला," स्मिता काचेआडून म्हणत होती. "थांब. निवू दे जरा. आता घे. हां, हळू. हळू."

चंचलनं आत पाहिलं. आत दुसरं कोणी नव्हतं.

"कोनासंग बोलून राहिली व?"

स्मितानं काच वर केली. घामानं केस कपाळाला चिकटले होते. ती जरा गोंधळली, मग हसली.

"कोनासंगच नाही," ती म्हणाली. "ठेव तिथं. आली."

चंचलनं ग्लास खिडकीत ठेवला आणि ती गेली. स्मितानं टाका पुरा केला, खपली झाडली, बोटानं चाचपून पाहिलं. चहावर तोवर साय धरली होती. ती तिनं काडीनं बाजूला केली आणि उभ्यानंच प्यायली.